दोन रात्रींत संपलेली आणि आठवड्याभरात विसरलेली कादंबरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मैत्रिणीच्या आग्रहावरून तुम्ही अलीकडच्या तीन रोमँटसी, म्हणजे प्रेमकथा आणि कल्पनासृष्टी एकत्र गुंफणाऱ्या, कादंबऱ्या हाती घेतल्या. रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ दोन रात्रींत संपवली, पण आठवड्याभरानंतर तिच्यातले नेमके काय आवडले हे सांगता येईना आणि पुढचा भाग, ‘आयर्न फ्लेम’, निम्म्यावर अडला. सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’चा पहिला भाग ऐकलेल्या परीकथेसारखा वाटला आणि ‘खरी गंमत दुसऱ्या भागात आहे’ असे जो तो सांगू लागला तेव्हा तुमचा संताप झाला. तिसरे पुस्तक ऐंशीव्या पानावर मिटले. ही पुस्तकेच सुमार आहेत की तुमची आवडच या प्रकाराशी जुळत नाही, आणि पुढे वाचायचे तर काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे.

याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत. ‘फोर्थ विंग’ तुम्हाला खाली ठेववली नाही, तरी मागे काही उरले नाही. मास यांच्या कादंबरीत तुम्ही एक शोधत होता आणि पुस्तक दुसरेच देत होते. पहिली तक्रार पुस्तकाच्या बांधणीची आहे, दुसरी बरीचशी अपेक्षेची. तिसऱ्या पुस्तकाचे नाव तुम्ही दिलेले नाही, म्हणून त्याबद्दल शेवटी थोडेसेच सांगेन. एक सूचना आधीच देते : पुढे या कादंबऱ्यांतील काही वळणे उघड करावी लागणार आहेत.

गेली चौदा वर्षे मी प्रकाशकांसाठी हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय लिहिण्याचे काम करते. सुरुवातीला माझ्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यात प्रेमकथा वेगळ्या असत आणि कल्पनासृष्टीच्या कादंबऱ्या वेगळ्या. आता त्यांची इतकी सरमिसळ झाली आहे की दर तिसऱ्या-चौथ्या हस्तलिखितात एक शापित राजपुत्र आणि त्याचा गळा चिरायला निघालेली एक मुलगी भेटतेच. माझी आवडनिवडही सांगून टाकते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचे हे तुम्हाला ठरवता येईल. मला दरबारी कारस्थाने आवडतात, लढायांची लांबलचक वर्णने कंटाळवाणी वाटतात, आणि नायकाचा जबडा किती रेखीव आहे हे तिसऱ्यांदा सांगितले गेले की माझे लक्ष खिडकीबाहेर जाते.

आधी ‘ऐकलेल्या परीकथेसारखे’ या आक्षेपाबद्दल. रोमँटसी हे नाव नवे आहे; ‘गुडरीड्स’ या वाचकांच्या संकेतस्थळाच्या पुरस्कारांत या नावाचा स्वतंत्र विभाग २०२३ मध्ये आला आणि त्या वर्षी तो ‘फोर्थ विंग’लाच मिळाला. पण वस्तू जुनी आहे. श्वापदाच्या वाड्यात राहायला जाणाऱ्या मुलीची गोष्ट फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्याही मागे दुसऱ्या शतकातील रोमन लेखक अपुलेयसने सांगितलेली सायकीची कथा आहे, जिच्यात नवऱ्याचे तोंड पाहायचे नाही एवढी एकच अट असते. ड्रॅगन आणि त्याचा स्वार यांची मने जोडलेली असण्याची कल्पना अ‍ॅन मॅककॅफ्री यांच्या १९६८ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये आहे. मास यांनी तर आपल्या नायकाचे टॅमलिन हे नावच स्कॉटलंडच्या एका जुन्या पोवाड्यातून घेतले आहे. म्हणजे ओळखीचे वाटणे हा या प्रकारातला अपघात नाही. लेखिका ती ओळख गृहीत धरूनच लिहिते. प्रश्न एवढाच, की ओळखीच्या वाटेवर नेऊन ती पुढे काय करते.

दुसरी गोष्ट म्हणजे या प्रकारात वाचकाशी एकाच वेळी दोन करार केलेले असतात. अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने प्रणयकादंबरीची जी व्याख्या केली आहे तिच्यात दोनच अटी आहेत : कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावे आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असावा. कल्पनासृष्टीच्या कादंबरीचा करार वेगळा असतो. या जगाला नियम आहेत, ते मोडले तर किंमत मोजावी लागेल आणि शेवटी काय होईल याची खात्री नाही, असे ती सांगते. आता हे दोन्ही करार एकत्र पाळायचे म्हटले तर पहिलीच अडचण येते ती जीव धोक्यात असण्याची. ही दोघे एकत्र येणार आहेत हे मुखपृष्ठावरूनच कळलेले असताना तलवारीच्या धाकाने वाचक किती घाबरेल? चांगली लेखिका हे ओळखून धोका मृत्यूचा ठेवत नाही. दोघे जिवंत राहतील, पण काय गमावून, हा तिचा प्रश्न असतो.

यात मी स्वतः एकदा चांगलीच फसले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितावर मी अडीच पानांचा कडक अभिप्राय लिहिला : नकाशा अर्धवट आहे, जादूचे नियम सैल आहेत, शेजारच्या राज्याचे राजकारण कळत नाही. सगळे मुद्दे खरे होते. प्रकाशनातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी तो वाचून मला एवढेच विचारले, ‘त्या दोघांचे पुढे काय होणार याची तुम्हाला काळजी वाटली का?’ मला वाटली होती, आणि ते मी अभिप्रायात कुठेही लिहिले नव्हते. त्या कादंबरीत राज्य हे पडद्यामागचे नेपथ्य होते आणि तिला तेवढेच पुरेसे होते. मी प्रेमकथेला नकाशाच्या फूटपट्टीने मोजत होते. तुमच्या दुसऱ्या तक्रारीत मला माझीच ती चूक थोडीशी दिसते.

तेव्हापासून मी प्रत्येक हस्तलिखिताला एक साधी कसोटी लावते. मनातल्या मनात कथेतून जादू काढून टाकायची आणि पाहायचे, प्रेमकथा तशीच उभी राहते का? मग उलट करायचे : प्रेम काढून टाकायचे आणि पाहायचे, राज्य, युद्ध, शाप हे सगळे तसेच चालू राहते का? दोन्ही वेळा उत्तर ‘हो’ आले तर एका पुठ्ठ्यात बांधलेल्या दोन कथा तुम्ही वाचत आहात. आळीपाळीने एक थांबते आणि दुसरी सुरू होते. उत्तर ‘नाही’ आले, म्हणजे एकाला हात लावताच दुसरे कोसळले, तर तिथे या प्रकाराचे खरे काम झालेले असते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून मला दमयंतीचे स्वयंवर आठवते. मंडपात एकसारखे पाच नळ बसलेले आहेत, त्यांपैकी चार देव आहेत. ती देवांनाच आपल्या सत्याची शपथ घालते आणि त्यांची लक्षणे तिला दिसू लागतात : पापणी लवत नाही, घाम नाही, माळ टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. उरलेला एक जण घामेजलेला आहे, त्याची माळ कोमेजली आहे आणि त्याची सावली पडते. माळ त्याच्या गळ्यात पडते. यातली अद्भुताची बाजू काढली तर निवडीला अर्थच उरत नाही, आणि प्रेम काढले तर देवांनी रूप बदलून तिथे येण्याचे कारण उरत नाही. शिवाय तिने निवडलेले जे आहे ते मर्त्यपण आहे, हे एकही मोठे वाक्य न लिहिता घाम आणि सावली या दोन तपशिलांत सांगितले गेले आहे. आजच्या सहाशे पानी कादंबऱ्यांकडून माझी मागणी याहून फार वेगळी नसते.

आता ही कसोटी ‘फोर्थ विंग’ला लावू. व्हायोलेट ग्रंथपाल-लेखनिकांच्या शाखेसाठी तयारी करत होती. सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. प्रवेशासाठी एका अरुंद कठड्यावरून चालत जायचे असते आणि खाली पडणे म्हणजे मरण. तिथे ती काय करते? पाठ केलेली भूगोल-इतिहासाची माहिती स्वतःशी पुटपुटत एकेक पाऊल टाकते. मला हा प्रसंग मनापासून आवडतो. तिचे शरीर दुबळे आहे आणि तिची विद्या इथे निरुपयोगी ठरवलेली आहे, तरी त्याच विद्येच्या आधाराने ती पलीकडे पोहोचते. व्यक्तिरेखा कशी उभी करावी हे शिकवायला मी हे पान कुणालाही देईन.

प्रेमकथेची जोडणीही पहिल्या भागात पक्की आहे. नायक झेडन याच्या वडिलांना बंडाबद्दल देहदंड झाला आहे आणि त्या बंडाचा बीमोड करणाऱ्यांत व्हायोलेटची आई आहे, म्हणजे वैराचे कारण ठोस आहे. पुढे व्हायोलेटचा ड्रॅगन टेर्न आणि झेडनची ड्रॅगन स्गेल ही जन्माची जोडी निघते. व्हायोलेट मेली तर टेर्न वाचण्याची खात्री नाही, तो गेला तर स्गेल, आणि स्गेलबरोबर झेडन. म्हणजे ज्या मुलीवर सूड उगवावा असे त्याला वाटू शकते तिचा जीव राखणे त्याला भाग पडते. इथे जादू आणि प्रेम एकमेकांत नीट अडकलेले आहेत. कसोटीवर पुस्तक उतरते.

मग मागे काही का उरले नाही? माझ्या मते कारण असे. वाचनाचा वेग येतो तो ‘आता काय होईल’ या प्रश्नातून, आणि आठवण राहते ती ‘तिने हे का केले’ या प्रश्नातून. ‘फोर्थ विंग’मध्ये पहिला प्रश्न जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येतो : पुढची परीक्षा, पुढचा हल्ला, पुढचा मृत्यू. पण त्या दोघांना एकत्र आणण्याचे बरेचसे काम ड्रॅगनांनी परस्पर करून टाकलेले आहे. दोघांना जवळ यावेच लागते, म्हणून जवळ येण्याचा निर्णय कुणालाच फारसा घ्यावा लागत नाही. निर्णय नाही म्हटल्यावर मनात रुतून बसायला जागा राहत नाही. हा दोष की सोय, हे तुम्ही पुस्तकाकडून काय मागता यावर अवलंबून आहे. एखादी रात्र आनंदात जावी एवढीच मागणी असेल तर ती पुरी झाली आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

‘आयर्न फ्लेम’ तुम्हाला जिथे अडले तिथे माझ्या ओळखीचे बरेच वाचक अडले. जोडपे जमलेले आहे, पण कथेला ताण हवा, म्हणून झेडन गोष्टी लपवतो आणि व्हायोलेट त्याने त्या आपणहून सांगाव्यात म्हणून हटून बसते. तेच भांडण थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा होते. ड्रॅगनांच्या जोडीमुळे दोघांना ठरावीक दिवसांनी भेटावे लागते, पण आता त्या सक्तीतून नवे काही निपजत नाही. ती वेळापत्रकासारखी उरते. पहिला भाग मे २०२३ मध्ये आला आणि दुसरा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. घाईचा परिणाम झाला असे मी खात्रीने म्हणणार नाही, परंतु मधला भाग एखाद्या संपादकाने शंभर पानांनी कापायला हवा होता, हे मात्र खात्रीने म्हणते. लोकप्रियतेवर याचा काही परिणाम झालेला नाही. तिसरा भाग, ‘ऑनिक्स स्टॉर्म’, जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे २७ लाख प्रती खपल्या. त्यामुळे तुम्ही एकटे पडला आहात असे वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे, पण खप आणि तुमचा कंटाळा ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

मास यांच्या मालिकेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ‘दुसऱ्या भागात खरी गंमत’ हे वाक्य ऐकून मलाही राग येतो, कारण चारशे पाने प्रस्तावना म्हणून वाचायला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरी या एका बाबतीत त्या लोकांचे म्हणणे पूर्ण चूक नाही. पहिल्या भागात नायिका फेयरे शिकारीत एका लांडग्याला मारते, तो परीजातीतला निघतो, भरपाई म्हणून टॅमलिन तिला आपल्या वाड्यात नेतो, आणि शाप, प्रेम, परीक्षा या ठरलेल्या पायऱ्या चढत कथा सुखान्ताला येते. २०१६ च्या दुसऱ्या भागात लेखिका हा सुखान्त उचकटते. ज्या काळजीला आपण प्रेम समजत होतो तीच काळजी दाराला कुलूप घालू लागते. टॅमलिन फेयरेला तिच्या सुरक्षिततेच्या नावाखाली घरात कोंडतो. पहिला भाग मनात ठेवून हे वाचताना आधीच्या पानांतल्या कितीतरी जागा उलटून दिसतात, आणि प्रेमकथेच्या कराराशी एवढा मोठा खेळ करण्याचे धाडस या प्रकारात फार थोड्या जणींनी केले आहे.

याच दुसऱ्या भागातली एक लहानशी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फेयरेला नीट वाचता येत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी एका परीक्षेत भिंतीवरचे कोडे वाचून योग्य कळ ओढायची असते आणि निव्वळ अक्षरओळख नसल्यामुळे ती मरणाच्या दारात उभी राहते. दुसऱ्या भागात रायसँड, दुसऱ्या एका दरबाराचा अधिपती, तिला लिहा-वाचायला शिकवतो, तेही स्वतःचीच स्तुती करणारी वाक्ये गिरवायला लावून. ती चिडते आणि लिहिते. एकाने कुलूप घातले आणि दुसऱ्याने अक्षरे दिली, हा फरक मला त्या दोघांच्या पंखांपेक्षा, शक्तींपेक्षा आणि महालांपेक्षा अधिक पटतो.

मात्र याच मालिकेने रूढ केलेल्या एका गोष्टीशी माझे भांडण आहे, ती म्हणजे नियतीने बांधलेली जोडी. दोघांमध्ये जन्मतःच एक अदृश्य धागा आहे, तो एके दिवशी ताणला जातो आणि मग प्रश्न मिटतो. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत याचा सुळसुळाट आहे आणि त्यांपैकी बहुतेकांत हा धागा आळसातून आलेला असतो. दोन माणसे एकमेकांना का आवडतात हे दाखवण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. न्याय म्हणून सांगायला हवे की मास यांनी स्वतः पळवाट ठेवली आहे : त्यांच्या जगात हे बंधन नाकारता येते, आणि रायसँडचे आईवडील अशा बंधनात असूनही एकमेकांना साजेसे नव्हते, असे कथेतच सांगितले आहे. अनुकरण करणाऱ्यांनी धागा उचलला आणि ही पळवाट मात्र तिथेच ठेवली.

जादू आणि प्रेम यांची सर्वांत घट्ट वीण मला अलीकडच्या काळात आढळली ती हॉली ब्लॅक यांच्या २०१८ च्या ‘द क्रुएल प्रिन्स’मध्ये. तिथे नियम एकच आहे : परीजातीला खोटे बोलता येत नाही, माणसांना येते. ज्यूड ही त्यांच्या जगात वाढलेली माणसाची मुलगी. ती दुबळी आहे, मर्त्य आहे, तिची सतत मानहानी होते, पण खोटे बोलणे हे तिचे एकमेव शस्त्र आहे. कार्डन हा तिला छळणारा राजपुत्र. आता या नियमाचा प्रेमावर काय परिणाम होतो पाहा. जो खोटे बोलू शकत नाही त्याला काही लपवायचे असेल तर गप्प राहावे लागते, शब्द फिरवावे लागतात किंवा दुष्टपणे वागावे लागते. एका प्रसंगी ज्यूडला त्याच्याकडे एक कागद सापडतो आणि त्यावर तिचेच नाव पुन्हा पुन्हा खरडलेले असते. ती त्याचा अर्थ द्वेष असा लावते. आपणही तसाच लावतो, किंवा लावायचा प्रयत्न करतो. तोंडाने जे बोलता येत नव्हते ते हाताने कागदावर उतरले आहे, एवढेच लेखिका दाखवते आणि पुढे सरकते. चुंबनाच्या दहा पानांत येत नाही ती धग त्या खरडलेल्या नावात आहे. शिवाय पुस्तकाच्या अखेरीस ज्यूड त्याला एक वर्ष आणि एक दिवस आपल्या आज्ञेत बांधून घेते, म्हणजे सत्ता तिच्या हातात येते ती फसवणुकीने, आणि त्यानंतर त्याच्या कुठल्याही आज्ञाधारक शब्दावर तिला विश्वास ठेवता येत नाही. इथे कसोटी लावायची गरजच पडत नाही.

भाषेबद्दल तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे की ‘हजार वर्षांपूर्वीचे राज्य आणि बोलणे मात्र आजच्या कॉलेजातले’. या बाबतीत मी तुमच्याइतकी कठोर नाही. प्रथमपुरुषी निवेदन आणि आजची बोली यांमुळे वाचक नायिकेच्या अगदी जवळ जातो, आणि या कादंबऱ्यांना तेच हवे असते. माझा आक्षेप पुनरुक्तीला आहे. कुणीतरी दर पानावर रोखलेला श्वास सोडते, कुणीतरी ओठाचा एक कोपरा वर करून हसते. पेन्सिल घेऊन मोजायला बसू नका. पुढचे पुस्तक वाचताना अकारण मोजणी सुरू होईल आणि मजा जाईल. मला व्यवसायामुळे ती सवय लागली आहे आणि मी काही तिची शिफारस करणार नाही.

काही गोष्टी पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्हाला शृंगाराची वर्णने किती उघड चालतात, मालिका अपुरी असताना थांबायची तयारी आहे का, तुम्ही सलग वाचता की रोज वीस पाने, यावर शिफारस बदलते. थकलेल्या महिन्यात मला स्वतःला वेगवान पुस्तकच लागते आणि दुसऱ्या दिवशी ते आठवले नाही तरी चालते. आणखी एक व्यावहारिक सूचना : मास यांची ही मालिका सुरुवातीला किशोरवयीन वाचकांच्या विभागात विकली गेली आणि २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांच्या विभागात आली. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला जुनी आवृत्ती दिसली म्हणून देऊ नका; आधी स्वतः वाचा.

आता पुढे काय वाचावे. तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की तुम्हाला वेग नको असे नाही, पण निर्णय हवे आहेत, आणि नायक-नायिका एकमेकांशी बुद्धीने भिडलेले हवे आहेत. म्हणून सर्वांत आधी ‘द क्रुएल प्रिन्स’. त्यात शृंगार जवळजवळ नाही आणि कारस्थाने भरपूर आहेत. तीन भागांची मुख्य कथा २०१९ मध्ये पूर्ण झालेली असल्यामुळे अडकून पडण्याची भीती नाही. त्यानंतर हेदर फॉसेट यांची ‘एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज’, २०२३ ची. १९०९ मधील केंब्रिजची एक अभ्यासिका उत्तरेकडच्या बर्फाळ गावात परीजातीवर संशोधन करायला जाते आणि रोजनिशी लिहिते, तळटीपांसह. ही रोजनिशी हीच तिथली खरी गंमत आहे : आपल्या सहकाऱ्याविषयी ती अत्यंत शास्त्रीय नोंदी करत जाते आणि तिला स्वतःला न कळलेले वाचकाला नोंदींच्या सुरावरून कळू लागते. तिची गती संथ आहे, हे ध्यानात ठेवा.

एकाच पुस्तकात संपणारी कथा हवी असेल तर नाओमी नोव्हिक यांची २०१८ ची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ घ्या. तिच्यात सावकाराची मुलगी मिर्येम हिमप्रदेशाच्या राजाशी व्यवहार करते, अक्षरशः व्यवहार. लग्नानंतरही वैवाहिक हक्काच्या बदल्यात ती प्रश्नांची उत्तरे मागून घेते. प्रेम म्हणावे असे फार उशिरा येते आणि काही वाचकांना ते पुरेसे वाटत नाही, पण हिशेब चोख ठेवणाऱ्या दोन माणसांमध्ये आदर कसा तयार होतो हे मी इतके नेमके क्वचितच वाचले आहे. विशीतल्या नायिकांचा कंटाळा आला असेल तर टी. किंगफिशर यांची ‘स्वोर्डहार्ट’ पाहा. तिच्यातली नायिका हॅला ही विधवा आहे, नातेवाइकांनी तिला खोलीत कोंडले आहे, आणि ती जीव द्यायला म्हणून भिंतीवरची तलवार उपसते तेव्हा त्या तलवारीशी शापाने बांधलेला योद्धा समोर उभा राहतो. प्रसंग भीषण आहे आणि तरीही तो वाचताना हसू येते. रक्तपात आणि स्पर्धाच हवी असेल तर कॅरिसा ब्रॉडबेंट यांची ‘द सर्पंट अँड द विंग्ज ऑफ नाइट’ ‘फोर्थ विंग’च्या जवळची आहे, तिथे स्पर्धेत जिंकणारा एकच असतो, त्यामुळे प्रत्येक जवळिकीला शेवटच्या फेरीची सावली असते.

‘आयर्न फ्लेम’ संपवायची का, हे तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, पण त्या अर्धवट पुस्तकाचा सल तुमच्या पत्रात जाणवतो. शेवटची शंभर पाने वाचा आणि मधली सोडून द्या. कथेला तिथे पुन्हा वेग येतो आणि तिसरा भाग घ्यायचा की नाही ते तुम्हाला तेवढ्यावरून कळेल. ऐंशीव्या पानावर मिटलेल्या पुस्तकासाठी मी एवढेच करते : नायिकेने तोवर स्वतःहून घेतलेला एक तरी निर्णय आठवतो का, हे पाहते. आठवला तर आणखी पन्नास पाने देते. नाही आठवला, तर ते पुस्तक ज्याचे त्याला परत करते.